साच्यातला प्रश्न

जोडे शिवणाऱ्याच्या दुकानात फर्मा असतो. पावलाच्या आकाराचा, लाकडी किंवा लोखंडी. त्यावर कातडं ताणतात, ठोकतात, शिवतात. जोडा झाला की फर्मा बाहेर निघतो आणि पुढच्या जोड्याच्या कामाला लागतो. एका फर्म्यावर शेकडो जोडे होतात, पण कातडं आणायला फर्मा कधी उठून जात नाही. ते आणणारा, मापून कापणारा माणूस वेगळा. या पुस्तिकेत जे काही सांगायचं आहे, त्याचं निम्मं या फर्म्यात आलं.

नालवाडीत बसून लिहिताना फर्मा आठवणं साहजिक आहे. २५ डिसेंबर १९३२ रोजी विनोबा वर्ध्याच्या आश्रमातून या वस्तीत राहायला आले. १९३४ मध्ये ग्रामसेवा मंडळ सुरू झालं आणि त्याच दशकात गोपाळराव वाळुंजकरांच्या देखरेखीखाली इथलं चर्मालय चालू लागलं. मेलेल्या जनावरांचं कातडं कमावणं आणि त्याच्या वस्तू करणं हे काम तिथे शास्त्र म्हणून शिकवलं गेलं. विनोबा स्वतः इथे तासन् तास सूत कातत आणि कातण्याच्या मजुरीवर माणूस जगू शकतो का, याचा हिशोब मांडत. कोणत्या कामाला किती श्रम पडतात हे मोजूनच बोलायचं, अशी शिस्त या गावाने पाहिलेली आहे. आज नालवाडी वर्धा शहराला चिकटली आहे, आणि इथली मुलं सूत नाही, वेबची पानं विणायला शिकतात. मोजायची शिस्त मात्र त्यांच्याही कामाची आहे.

वेबच्या पानाचा साचा म्हणजे काय, हे समजावण्यासाठी परदेशी उदाहरणाची गरज नाही. महाराष्ट्रातल्या प्रत्येक खेड्याला साचे पाठ आहेत. फक्त आपण त्यांना ‘नमुना’ म्हणतो. महसूल खात्याचे गाव नमुने १ ते २१. त्यातला सहावा फेरफाराचा, सातवा अधिकार अभिलेखाचा, आठ-अ खातेदाराच्या एकूण जमिनीचा, बारावा पिकांचा. सातवा आणि बारावा एका कागदावर आले की झाला सातबारा. ग्रामपंचायतीत गेलात तर घराच्या कर आकारणीचा नमुना ८ वेगळा. नमुन्यात रकाने ठरलेले, मथळे ठरलेले, रेघा ठरलेल्या. मजकूर कोरा. तो दफ्तरातून येतो, आणि पूर्वी तो तलाठ्याच्या हाताने यायचा.

वेबचं पानही असंच. डोक्यावर गावाचं नाव, खाली तक्ता, तळाशी तारीख, हा झाला साचा. मजकूर दुसरीकडे, डेटाबेसमध्ये, ओळी आणि स्तंभांत मांडून ठेवलेला. कोणी पान मागितलं की साचा घ्यायचा, डेटाबेसला प्रश्न विचारायचा, मिळालेलं उत्तर रकान्यांत भरायचं आणि पान पाठवून द्यायचं. जमिनीच्या नोंदी दाखवणाऱ्या महाभूलेखाच्या संकेतस्थळावर नालवाडीचा सातबारा पाहायचा असेल तर आधी नागपूर विभाग, मग वर्धा जिल्हा, वर्धा तालुका, मग गाव निवडावं लागतं. नंतर गट नंबराने शोधायचं की पहिल्या नावाने, मधल्या नावाने, आडनावाने, हे सांगावं लागतं. समोर येतो तो ओळखीचाच नमुना. मजकूर तेवढा त्या गटाचा. त्या सगळ्या निवडी मिळून एक प्रश्न बनतो. या प्रश्नाला संगणकाच्या धंद्यात ‘क्वेरी’ म्हणतात, आणि ती कुठून, केव्हा, किती वेळा विचारायची, एवढाच या पुस्तिकेचा विषय आहे.

विषय लहान वाटतो. तसा तो नाही, कारण वेबचा इतिहासच त्यावर अडखळलेला आहे. माहिती तक्त्यांत कशी मांडावी याचं गणित एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलं. त्या तक्त्यांना प्रश्न विचारायची भाषा, म्हणजे पुढे एसक्यूएल म्हणून रूढ झालेली, चेंबरलिन आणि बॉइस यांनी आयबीएममध्ये १९७४ मध्ये प्रसिद्ध केली. मांडणी वेगळी, माहिती वेगळी आणि दोघांमधला मध्यस्थ वेगळा, हा विचार ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत केला. म्हणजे वेब जन्माला येण्याआधीच सगळं शहाणपण तयार होतं. पण १९९५ मध्ये रास्मुस लेर्डॉर्फ यांची पीएचपी ही भाषा लोकांच्या हाती आली आणि पानाच्या मधोमध, तक्त्याच्या दोन ओळींच्या फटीत, थेट डेटाबेसला हाक मारता येऊ लागली. त्याच वर्षी मायएसक्यूएल हा डेटाबेसही आला. दोन्ही शिकायला सोपी. घरगुती दुकानापासून वर्तमानपत्रापर्यंत सगळ्यांची पानं या जोडीवर उभी राहिली आणि फटीत हाक मारायची सवयही त्यांच्याबरोबर पसरली.

त्या सवयीला मी नावं ठेवणार नाही. ती मलाही होती.

काही वर्षांपूर्वी एका छोट्या संस्थेसाठी सभासदांच्या यादीचं पान मी बांधलं होतं. तीनशे सभासद. एका ओळीत सभासदाचं नाव, गाव आणि शेवटचा हप्ता कधी भरला ती तारीख. नावं एका तक्त्यात, गावं दुसऱ्यात, हप्ते तिसऱ्यात. मी साच्यात फेरा लावला: एक सभासद घे, नाव छाप, गावाच्या तक्त्याला विचार, गाव छाप, हप्त्यांच्या तक्त्याला विचार, तारीख छाप, पुढचा सभासद घे. घरी दहा सभासदांवर तपासलं तर पान टिचकीसरशी उघडलं. मार्चअखेरीला कार्यालयात सगळे एकदम ते पान उघडू लागले आणि चहा येऊन संपला तरी यादी येईना. मोजल्यावर कळलं: यादी आणायला एक प्रश्न, आणि प्रत्येक सभासदामागे दोन. एकूण सहाशे एक. एका पानासाठी, एका माणसाच्या एका टिचकीसाठी.

पुढे हीच गोष्ट मी शिकवायला लागलो तेव्हा मागच्या बाकावरून एकाने विचारलं, “सर, पान तं दिसून राह्यलं नं जी, मंग काय बिघडलं?” प्रश्न अगदी योग्य होता. पान दिसतं, हीच अडचण आहे. चूक असलेलं पान आणि चूक नसलेलं पान डोळ्यांना सारखंच दिसतं. फरक खेपांत आहे. तलाठ्याने तीनशे खातेदारांची यादी करताना दर खातेदारामागे दोनदा तालुक्याला जाऊन यावं, तसं हे काम. शहाणा माणूस निघतानाच यादी करील: ही तीनशे नावं, यांची गावं, यांच्या शेवटच्या तारखा, सगळं एकत्र काढून द्या. डेटाबेसला तसं सांगता येतं. तीन तक्ते एकमेकांना जोडून एकच प्रश्न विचारायचा, याला ‘जॉइन’ म्हणतात. माझं पान नंतर सहाशे एकऐवजी एका खेपेत होऊ लागलं. साच्यात बदल झाला तो इतकाच, की त्याने विचारणं सोडलं.

जगभर या रोगाला ‘एन प्लस वन’ म्हणतात: एक प्रश्न यादीचा, आणि यादीत जितक्या ओळी तितके आणखी. हा रोग साच्यात लपतो, कारण साचा वाचणाऱ्याचं लक्ष मांडणीकडे असतं. पानं बांधायच्या हल्लीच्या चौकटी, म्हणजे फ्रेमवर्क, तो अधिकच लपवतात. २००५ मध्ये खुल्या झालेल्या जँगो या चौकटीत साच्यामध्ये एसक्यूएल लिहिता येत नाही. पण साच्याला दिलेली यादी आळशी असते. म्हणजे ती हातात दिली तेव्हा प्रश्न विचारलेलाच नसतो. साच्याने पहिली ओळ मागितली की तेव्हा विचारला जातो. सभासदाच्या नावापुढे एक टिंब देऊन ‘गाव’ लिहिलं, की त्या टिंबामागे एक पूर्ण प्रश्न दडलेला असू शकतो. २७ मे २००३ रोजी आलेल्या वर्डप्रेसमध्ये साच्यातला फेरा हीच मूळ रचना आहे. तिथे त्याला ‘लूप’ म्हणतात आणि आपला स्वतःचा प्रश्न साच्यातून चालवायची सोयही दिलेली आहे. म्हणून ‘साच्यात प्रश्न नकोच’ असा नियम मी लिहिलेला नाही. पाच बातम्यांच्या मुखपृष्ठाला एक प्रश्न साच्यात लिहिला तर आभाळ कोसळत नाही. मात्र फेऱ्याच्या आत प्रश्न लिहिताना हात थांबला पाहिजे, आणि पान पुरं झाल्यावर एकूण किती प्रश्न गेले हा आकडा लिहिणाऱ्याला तोंडपाठ हवा.

प्रश्न साच्यात लिहावा, पण पान उघडताना चालवू नये, असाही एक मार्ग आहे आणि तो विकिपीडियाने दाखवला आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, आणि तिथे टेम्प्लेटला ‘साचा’ हाच शब्द रूढ झाला. या पुस्तिकेने तो तिथूनच घेतला आहे. विकिपीडियावर एका पानाने साच्यांमधून महागडी कामं किती करावीत याला मर्यादा आहे, आणि ती पाचशेची आहे. मर्यादा ओलांडली की पान रागावत नाही. पुढची महागडी कामं होतच नाहीत आणि साचे अर्धवट राहतात. २०१२ मध्ये विकिपीडियाच्या जोडीला विकिडेटा हा माहितीचा साठा आला, आणि पुढे त्यातल्या लाखो वस्तूंना प्रश्न विचारता येऊ लागले. पण कोट्यवधी वाचकांची पानं उघडताना तसे प्रश्न चालवणं परवडणारं नव्हतं. मग माग्नुस मान्स्के यांच्या लिस्टेरिया या सांगकाम्याने, म्हणजे बॉटने, वेगळी तोड काढली. संपादक साच्यात प्रश्न लिहून ठेवतो. सांगकाम्या ठरावीक काळाने येतो, प्रश्न चालवतो, आलेली यादी पानावर लिहून ठेवतो आणि निघून जातो. वाचकाला मिळते तयार यादी. दफ्तराला पडते एक खेप.

तयार उत्तर जपून ठेवण्याला ‘कॅश’ म्हणतात, आणि तिची किंमतही आपल्याला सातबाऱ्याने आधीच शिकवलेली आहे. नक्कल ही काढलेल्या तारखेपुरती खरी. उद्या फेरफार झाला की आजची नक्कल जुनी. संकेतस्थळावर फुकट दिसणारा सातबारा माहितीपुरता असतो. कामाला लागणारी डिजिटल सहीची प्रत पंधरा रुपये भरून घ्यावी लागते. वेबवरही हाच भेद पाळावा. सभासदांची यादी तासाभरापूर्वीची असली तर चालेल. पैसे भरल्याची पावती मात्र त्या क्षणी विचारलेल्या प्रश्नाचीच हवी. आणि जपून ठेवलेल्या पानावर ते कधीचं आहे, ते छापायला लाजू नये.

साचा आणि माहिती वेगळी ठेवण्याचा फायदा आणखी एका ठिकाणी दिसतो. २०२० मध्ये सातबाऱ्याच्या नमुन्यात बदल झाले. गावाच्या नावाजवळ गावाचा संकेतांकही आला. गावागावांतल्या जमिनी मात्र होत्या त्याच होत्या. नमुना बदलला म्हणून कोणाचं क्षेत्र कमीजास्त झालं नाही. ज्याच्या साच्यात प्रश्न, हिशोब आणि मांडणी यांची खिचडी असते, त्याला नुसता रकाना हलवायलाही सगळी खिचडी पुन्हा शिजवावी लागते.

मराठीत लिहिणाऱ्याला आणखी एक काळजी करावी लागते, आणि इंग्रजी पुस्तकं ती शिकवत नाहीत. प्रश्न बरोबर, साचा बरोबर, तरी उत्तर रिकामं येतं. कारण अक्षर. ‘कऱ्हाडे’ हे आडनाव पाहा. त्यातला अर्धा र काही कळफलकांवर ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने लिहिला जातो, काहींवर साध्या ‘र’ला हलंत देऊन पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही एक. डेटाबेसच्या लेखी दोन माणसं. ‘ॲड.’ मधला ‘ॲ’ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरतक्त्यात, २००८ साली आला. त्याआधीच्या नोंदींत ‘अ’वर चंद्र दिलेला असतो आणि तो आपोआप नव्या अक्षराशी जुळत नाही. गट नंबर कोणी ‘४५’ लिहितो, कोणी इंग्रजी आकड्यांत. क्रम लावतानाही तीच गत. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर बसला आहे, तर आपली वर्णमाला त्याला ‘ह’च्या नंतर बसवते. भाषेचा क्रम डेटाबेसला सांगितला नाही तर ‘ळ’ची नावं भलत्याच जागी सापडतात. यावर इलाज एकच: नोंद आत जाताना एका रूपात आणायची, आणि शोधणाऱ्याने लिहिलेलं अक्षरही त्याच रूपात आणून मग विचारायचं. हे काम साच्याचं नव्हे. साच्यापर्यंत येताना ते झालेलं असलं पाहिजे.

शोध जलद व्हायचा तर सूची लागते. एक लाख नोंदी क्रमाने लावलेल्या असतील आणि दर वेळी निम्म्या बाजूला टाकत गेलं, तर सतरा पावलांत हवी ती नोंद हाती येते. पण त्यासाठी शब्दाची सुरुवात माहीत हवी. ‘वाडी’ कुठेतरी मध्ये येणारं गाव शोधायला सांगितलं, की साधी सूची निरुपयोगी ठरते आणि वही पहिल्या पानापासून चाळावी लागते. महाभूलेखावर पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव असे वेगवेगळे पर्याय दिसतात, तेव्हा हे आठवावं. शोधणाऱ्याकडून थोडं अधिक नेमकं विचारून घेतलं की दफ्तराचे श्रम कितीतरी वाचतात.

शेवटचा आणि सर्वांत गंभीर मुद्दा विश्वासाचा. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच मोबाइलवरून आपल्या पिकाची नोंद करू लागला. ही चांगली गोष्ट झाली. पण नोंद लिहिणारा हात आता एक राहिला नाही, लाखो झाले. वेबवर तर शोधाच्या चौकटीत जगातला कोणीही काहीही लिहू शकतो. त्याने लिहिलेला मजकूर जसाच्या तसा प्रश्नात चिकटवला, तर मजकुराच्या जागी तो हुकूमच लिहून जाईल आणि डेटाबेस तो हुकूम पाळील. या हल्ल्याची जाहीर चर्चा १९९८ मध्ये सुरू झाली आणि आजही तो बंद पडलेला नाही. वाईट हेतू असायलाच हवा असंही नाही. वसईच्या एखाद्या डि’सोझांनी रोमन लिपीत आपलं आडनाव बरोबर लिहिलं, की त्यातल्या एका चिन्हाने कच्चा प्रश्न मोडतो. उपाय पुन्हा नमुन्याचाच आहे. प्रश्नाचाही साचा करायचा: रकाने कोरे ठेवून प्रश्न आधी डेटाबेसकडे पाठवायचा, आणि लोकांनी लिहिलेला मजकूर नंतर, केवळ रकाना भरण्यापुरता द्यायचा. रकान्यात लिहिलेलं काहीही असो, ते मजकूरच राहतं. नमुन्याच्या मथळ्यात त्याला शिरता येत नाही. उत्तर पानावर छापताना हीच खबरदारी दुसऱ्या बाजूने घ्यायची. म्हणजे एका पानामागे दोन साचे उभे असतात, एक विचारण्याचा आणि एक दाखवण्याचा. दोन्ही कोरे, दोन्ही ठाम.

पुस्तिकेचा क्रम असा आहे. आधी कागदी नमुना हाताने भरायचा, मग तोच तक्त्यांत मांडायचा, मग प्रश्न लिहायला शिकायचं, आणि सगळ्यात शेवटी साचा. वाचक घाईत असतो आणि त्याला पान लगेच दिसायला हवं असतं, हे मला माहीत आहे. तरी क्रम बदलू नये ही विनंती. शब्दांच्या बाबतीत मी हट्ट धरलेला नाही. साचा, नमुना, रकाना, नोंद, सूची हे आपल्याकडे होते, ते घेतले. डेटाबेस, क्वेरी, कॅश, जॉइन हे कामाच्या ठिकाणी जसे बोलले जातात तसेच ठेवले.

प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक रिकामी चौकट आहे. त्या प्रकरणातलं पान बांधून झालं, की त्याने डेटाबेसला किती प्रश्न विचारले तो आकडा तिथे पेन्सिलीने लिहा. पेन्सिलीने, कारण तो तुम्हाला खोडून कमी करायचा आहे.

नालवाडी, वर्धा